जाण्याचे पेट्रोल आणि येण्याचे पेट्रोल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढताना किरकोळ दुरुस्ती केली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता "निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन". तो मी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो. कारण गेले पंधरा दिवस आपल्या सोसायटीत लिफ्टपासून पार्किंगपर्यंत एकच चर्चा आहे. आपली सहा मुले भाऊबीज झाली की तीन दिवस, दोन रात्री उजनीच्या पाण्यावर मासे धरायला जाणार आहेत. बोट त्यांच्यातल्याच एकाच्या मामांची आहे, फायबरची, मागे पेट्रोलचे इंजिन लावलेली. बेत असा की भिगवणच्या बाजूने निघायचे, काठाकाठाने धरणाच्या दिशेने जायचे, काठावर तंबू टाकून मुक्काम करायचा आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. मुले खूश आहेत आणि आया झोपलेल्या नाहीत. त्यातल्या एका माउलीने मला जिन्यात गाठून विचारले, "काका, तुम्ही कोकणात होता. तुम्हीच सांगा, जाऊ द्यावं का नाही?"

हा प्रश्न भीतीपोटी आलेला नाही, त्याला कारण आहे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहत काठाला लागला. तो काही तीन दिवसांचा प्रवास नव्हता. रोजची या काठावरून त्या काठावर जाण्याची वाट होती. दौंडपासून भिगवण ते किती लांब? रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

पण मी त्या माउलीला "नको" असे म्हटले नाही. मी मुलांना म्हटले, तुमचा हिशेब घेऊन या. बँकेत माझ्यापुढे कर्जाचा अर्ज आला की मी माणसाकडे नंतर बघायचो, आधी कागद बघायचो.

त्याचे कारण सांगतो. १९८० नंतरच्या दशकात माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या शाखेत झाली. मी शिरूर तालुक्यातला, घोड नदीच्या काठचा. आमचे पाण्याचे ज्ञान म्हणजे उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात गढूळ, एवढेच. आणि तिथे टेबलावर अर्ज कसले, तर यांत्रिक नौकेचे, इंजिन बदलण्याचे, जाळ्यांचे. हर्णैच्या बंदरात तेव्हा मोठ्या नौका आत उभ्या राहायच्या, मासळी छोट्या होड्यांतून आणि पुढे बैलगाड्यांतून वाळूवर यायची आणि संध्याकाळी लिलाव व्हायचा. तो लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना आवाजासकट आठवत असेल. मला तिथे बसून एक गोष्ट कळली ती अशी, की आमच्या कर्जाचा हप्ता मासळीवर कमी आणि डिझेलवर जास्त अवलंबून आहे. फेरीचा खर्च आधी वजा होतो, म्हणजे डिझेल, बर्फ आणि शिधा. मग उरलेल्यात नौकेचा वाटा आणि खलाशांचे वाटे. डिझेल चुकले की पुढचे सगळे चुकते.

तिथल्या एका वयस्कर नाखव्याकडून मी हा हिशेब शिकलो. त्यांचे नाव घेत नाही, घरच्यांना विचारलेले नाही. शाळा चौथीपर्यंत. मी पहिल्याच भेटीत त्यांना विचारले, "फेरीला किती मैल जाता?" ते हसले. म्हणाले, "सायेब, मैल कशाला मोजायचे? इंजिन किती तास फिरला ते इचारा."

मंडळी, इथेच सगळी मेख आहे. आपल्याला मोटारसायकलची सवय. लिटरला पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटरला दोन लिटर, विषय संपला. पाण्यावर तसे होत नाही. रस्ता जागेवर असतो, पाणी जागेवर नसते. वारा समोरून आला, लाट आडवी आली, बोटीत वजन जास्त झाले की तेच इंजिन तेवढेच पेट्रोल पिते आणि बोट निम्मीच सरकते. म्हणून इंधन तासांवर मोजायचे. जुन्या खजिनदारांना आठवत असेल, लोडशेडिंगच्या वर्षांत आपल्या जनरेटरच्या वहीत आपण किती दिवे लागले ते लिहीत नव्हतो, किती तास चालला ते लिहीत होतो. तेच इथे.

आता मुलांचा कागद. रागावू नका रे, मी तुमच्या परवानगीने वाचतोय. त्यांनी लिहिले होते : एका बाजूचे अंतर ४० किलोमीटर, जाऊन-येऊन ८०. बोटीचा वेग तासाला १० किलोमीटर, म्हणजे ८ तास. तासाला ३ लिटर, म्हणजे २४ लिटर. "एक लिटर जादा धरून २५ लिटर." खाली अधोरेखित.

आकडेमोड बरोबर आहे. पाढे चांगले आहेत. पण यात मासे धरणे कुठे आहे? तुम्ही मासे धरायला चाललात ना? सकाळी एका खाडीत, दुपारी दुसरीकडे, चिलापी लागत नाही म्हणून पलीकडच्या काठाला, मग कोणी सांगितले तिकडे मरळ आहे म्हणून तिकडे. हे भटकणे दिवसाला १० किलोमीटर धरले तरी तीन दिवसांचे ३०, म्हणजे ३ तास आणि ९ लिटर. जाताना १२, भटकताना ९, झाले २१. पंचविसातून एकवीस गेले, चार राहिले. आणि घर अजून ४० किलोमीटर आहे. शांत पाण्यात त्याला १२ लिटर लागतात. समोरून वारा असेल आणि वेग १० वरून साडेसहावर आला, तर चार तासांचे सहा तास होतात आणि १२ चे १८ लिटर. हातात चार.

हे ऐकल्यावर कागदवाल्या मुलाने पेन खाली ठेवले. आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो.

नाखव्याची पद्धत अशी होती. जाणे, जाळे ओढणे आणि येणे, या सगळ्याचे तास मांडायचे. त्याला जे डिझेल लागेल ते दोन हिस्से. तेवढ्याचा निम्मा आणखी एक हिस्सा घ्यायचा आणि त्याला हात लावायचा नाही. त्यांच्याकडे एक बांबूची काठी होती, टाकीत घालून पातळी बघायची. तिच्यावर दोन खुणा होत्या, सुरीने कोरलेल्या. वरची खूण म्हणजे इथे आले की नाळ घराकडे फिरवायची. खालची म्हणजे राखीव. वरच्या खुणेला डिझेल आले की जाळ्यात काय येतेय ते बघायचे नाही. एकदा तिसऱ्या दिवशी बांगड्याचा थवा लागला होता आणि काठी वरच्या खुणेवर आली होती. त्यांनी तांडेलाला फिरायला सांगितले. दोन खलाशी तोंड पाडून बसले होते, एक जण आठवडाभर बोलला नाही. हे मला त्याच खलाशाने बँकेत पैसे भरायला आल्यावर सांगितले, आणि सांगताना तो नाखव्याला शिव्याच देत होता. पण पुढच्या हंगामात तो त्याच नौकेवर होता.

आपल्या मुलांचा हिशेब या पद्धतीने असा होतो : जाणे १२, भटकणे ९, येणे १२. एकूण ३३. त्याचा निम्मा साधारण १७. मिळून ५०. पंचवीसच्या जागी पन्नास. डब्यात जेव्हा २९ लिटर उरतील, म्हणजे येण्याचे १२ आणि राखीव १७, तेव्हा मागे फिरायचे, मग पहिला दिवस असो की दुसरा. वारा समोरून आला आणि १८ लागले तरी ११ हाताशी राहतात.

पेट्रोलच्या डब्यात काठी घालत बसण्यापेक्षा मी सोपे सुचवले. तीन वेगळे डबे करा. २१ लिटरचा हिरवा, १२ चा पिवळा, १७ चा लाल. हिरवा संपला की परत. एका डब्यात पाणी किंवा कचरा गेला तरी बाकीचे दोन शाबूत राहतात, हा आणखी एक फायदा. डबे धातूचे किंवा पेट्रोलसाठीच केलेले, घट्ट झाकणाचे. गळ्यापर्यंत भरायचे नाहीत, उन्हात पेट्रोल फुगते. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन अजिबात नकोत. आणि कृपा करून निघायच्या आदल्या रात्री हे डबे आपल्या मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका. चेअरमनसाहेब, हे सूचनाफलकावर लावा. आणखी एक, दौंड जंक्शनचे गाव असल्याने कोणाच्या तरी डोक्यात येईलच, रेल्वेच्या डब्यात पेट्रोल नेणे हा गुन्हा आहे.

तासाला तीन लिटर हा आकडा मुलांनी मामांना फोनवर विचारून घेतला. इंजिन ९.९ अश्वशक्तीचे, फोर-स्ट्रोक. पूर्ण थ्रॉटलला अशी इंजिने साडेतीन-चार लिटरपर्यंत जातात, बेताने चालवली तर अडीच-तीनवर राहतात. टू-स्ट्रोक असते तर खप बराच जास्त, वर ऑईल मिसळायचे. पण मी फोनवरच्या आकड्यावर कर्ज दिले नाही कधी. बोट पूर्ण भरा, म्हणजे माणसांसकट, सामानासकट. टाकी काठोकाठ भरा. एक तास त्याच वेगाने चालवा आणि पुन्हा काठोकाठ भरा. जेवढे लागले तेवढा खप. स्कूटरचे ॲव्हरेज आपण असेच काढत होतो.

वेगाचे एक सांगतो, कारण तरुण हात थ्रॉटलवर असला की तो पुढेच जातो. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे उलटे बघितले तर वेग दहा टक्के कमी केला की तासाचा खप सुमारे पाव हिश्श्याने उतरतो. वेळ थोडा जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतरामागे जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. नाखवा घनमूळ शिकलेले नव्हते. ते फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि ओरडायचे, "गपचीप जाऊ दे तिला!"

आता वजन. हा भाग मुलांना सगळ्यात कमी आवडला. सहा जण, सरासरी ७० किलो, ४२०. पेट्रोल ५० लिटर म्हणजे सुमारे ३७ किलो. पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर, तीन दिवसांचे ७२. मासे ठेवायला बर्फ ४०. तंबू, स्टोव्ह, शिधा, गळ, जाळी मिळून ७०. बेरीज ६३९ किलो. मामा म्हणतात, बोट पाचशेच्या वर भरू नका. कोकणातही हीच ओढाताण असते. डिझेल जास्त घेतले तर बर्फ कमी, बर्फ कमी तर दिवस कमी. तिथे बर्फाच्या लाद्या मासळी मिळो न मिळो, वितळतातच, म्हणून फेरी किती दिवसांची हे समुद्र ठरवत नाही, खणातला बर्फ ठरवतो. मुले म्हणाली, पेट्रोल कमी करू. मी म्हटले, माणसे कमी करा. चार जण धरले तर २८०, पाणी ४८, बर्फ ३०, सामान ६०, पेट्रोल तेच ३७. झाले ४५५. उरलेले दोघे मोटारसायकलवरून काठाने जातील, मुक्कामाला भेटतील, दुसऱ्या दिवशी बोटीत बसणारे बदलतील. यावर घरोघरी जी भांडणे झाली ती आपण सर्वांनी ऐकली, भिंती पातळ आहेत. पण ठरले.

त्या दोघांनी वाटेत इंदापूरच्या बाजूला पेट्रोल आणून द्यावे, म्हणजे लाल डबा कशाला, असाही मुद्दा निघाला. आणून देऊ देत, चांगलेच आहे. पण जे बोटीत नाही ते मी हिशेबात धरू दिले नाही. मोटारसायकल पंक्चर होते, पंप बंद असतो, काठापर्यंतची वाट उसाच्या शेतातून जाते.

वाटेचा विषय. एका मुलाची हौस अशी होती की सुरुवात शिरूरहून घोड नदीने करावी. मला आनंदच झाला असता, पण मध्ये चिंचणीचे धरण आहे. दौंडच्या वर भीमेवरही बंधारे आहेत. तेव्हा भिगवणच बरे. उजनीचे धरण १९८० ला पूर्ण झाले. सगळे पाणी धरले तर सुमारे ११७ टीएमसी, त्यातले निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणजे वरचे पाणी वर्षात खूप चढते-उतरते, आणि आज बोट जिथून गेली तिथे मे महिन्यात दगड असतो. दिवाळीत धरण भरलेले असते, हे मुलांच्या बाजूचे आहे. उन्हाळ्यात पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते, आपण सगळे बघायला गेलो आहोत. पण मंदिरासारख्या दिसणाऱ्या गोष्टींची भीती नसते. विहिरींचे कठडे, बांध, जुन्या झाडांचे खोड, हे अर्ध्या पाण्यात असतात तेव्हा पंखा तोडतात.

यासाठी मुलांनी एक काम फार चांगले केले. धरणापूर्वीचा एक जुना नकाशा कुठून तरी मिळवला आणि ए विंगमधल्या आपल्या काकूंकडे नेला. त्यांचे माहेर बुडितात गेलेले. काकूंनी चष्मा लावला आणि बराच वेळ नुसते बोट फिरवले. मग सांगायला लागल्या. ही पांदी. इथे आमराई. या वळणावर आमची विहीर, कठडा पुरुषभर उंच. मुलांनी पेन्सिलीने फुल्या मारल्या. मुले गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो, विहीर कुठं होती ते." तो नकाशा आता बोटीत जाणार आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून.

काठाजवळून जा, असे सगळे सांगतात. ते बरोबर आहे, पण उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या उपसा पंपांचे पाइप आणि विजेच्या केबली पाण्यात उतरलेल्या असतात. त्यांच्यापासून चांगले दूर राहा, आणि ओल्या पायाने केबलला हात लावू नका. संध्याकाळी मच्छीमार जाळी टाकतात, ती पंख्यात गुंतली की त्यांचेही नुकसान आणि तुमचेही. म्हणून अंधार पडायच्या एक तास आधी बोट काठाला. रात्री पाण्यावर जायचे नाही. तिथे मासे धरणे हा त्या लोकांचा पोटाचा धंदा आहे, परवान्याने चालतो. तुमचा गळ टाकण्याआधी परवानगीचे विचारून घ्या. आणि मुक्काम कोणत्या गावाच्या काठाला करणार ते त्या गावात आधी सांगून ठेवा.

वाऱ्याचे. कोकणात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. शिडाच्या दिवसांत पहाटे जाणे आणि दुपारी येणे, दोन्ही वेळा वारा पाठीवर. भरतीसुद्धा पंचांगातून निघते, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज पौर्णिमा, म्हणजे साधारण सव्वाअकराला, हे तिकडचे पोर सांगेल. उजनीला यातले काही नाही. तिथले पाणी लांबट आहे, आणि वारा लांबीवर धावला की आखूड, उभ्या लाटा उठतात. समुद्राच्या लाटेवर नाव चढते-उतरते, या लाटा बोटीत येऊन बसतात. पश्चिमेला ढग काळे दिसले, वारा एकदम पडला आणि मग गार झोत आला, तर जो काठ जवळ तो आपला. मधले पाणी ओलांडायचे ते फक्त सकाळी. दुपारी दोननंतर आडवे जायचे नाही. आणि जॅकेट बॅगेत नाही, अंगावर. चार माणसे, चार जॅकेट, बकले लावलेली. ही एकच अट मी आईवडिलांच्या वतीने घातली आणि तिच्यावर चर्चा होऊ दिली नाही.

बाकी सगळे एका कागदावर उतरवले आहे. कुठल्या दिवशी कुठे, कुठल्या गावाला मुक्काम, बोटीचा रंग, चौघांची नावे, काठावरच्या दोघांचे फोन. एक प्रत माझ्याकडे, एक वॉचमनकडे, एक मामांकडे. रोज संध्याकाळी सहाला फोन. सातपर्यंत आला नाही तर आपण काठावरच्या दोघांना लावायचा, आठला त्या गावात, आणि त्यानंतर ११२. कोणी "रेंज नसेल हो" म्हणून गप्प बसायचे नाही.

तर त्या माउलीला माझे उत्तर. कागद पुरा झाला आहे, एक ओळ सोडून. तासाला किती लिटर, ती जागा मी कोरी ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी सातला भिगवणच्या काठावर चाचणी आहे. तीनाच्या जागी साडेतीन निघाले तर ३३ चे साडेअडतीस होतील, राखीव धरून ५८, आणि मग आपण धरणाच्या दिशेचे दहा किलोमीटर कापू. मुलांनी हे मान्य केले आहे, सह्या घेतल्या आहेत. जुनी सवय. ज्या पालकांना यायचे आहे त्यांनी यावे, वजनाला माणसे लागणारच आहेत.

दूध आटून तयार झालेले दिसते. थांबतो.